चेनसॉच्या बारला ऑइल कुठलं घालावं? स्वस्त हवंय, पण अंगाला आणि मातीला त्रास नको

झाडाखाली (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १४ इंची बारची (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) छोटी पेट्रोल चेनसॉ आहे, घेऊन वर्ष होत आलं. वापर म्हणजे पडलेल्या फांद्या कापणं, सरपण करणं, महिन्यातून दोन-तीनदा, कधी कधी दीड-दोन महिने नुसती पडून पण असते. मशीनबरोबर बार ऑइलची जी बाटली आली होती ती संपली. आता नवीन घ्यायला गेले तर बार ऑइल म्हणून जे मिळतं ते मला महाग वाटतंय कारण पेट्रोलची टाकी जितक्या वेळा भरते तितक्या वेळा बार ऑइलची टाकी पण भरावी लागते, म्हणजे ते नुसतं वाहूनच जातं.

ओळखीच्या एका गॅरेजमधून गाडीचं काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतंय. ते दादा म्हणाले फडक्यातून गाळून घाल, सगळे तेच घालतात. पण मी जिथे कापते तिथून विहीर जवळ आहे आणि कापताना अंगावर, तोंडावर बारीक शिंतोडे येतात हे मी स्वतः बघितलंय म्हणून मन होत नाहीये. स्वयंपाकाचं तेल चालतं असंही ऐकलं. इंजिन ऑइल नवं चालेल का? नक्की काय करू? पैसे वाचवायचेत पण मशीन आणि तब्येत बिघडवून नाही.

अर्धाएकर

काळं ऑइल बिनधास्त घाला. मी कित्येक वर्षं घालतोय, बारला काही झालं नाही. बारला फक्त ओलं राहण्याशी मतलब, त्याला ऑइल नवं का जुनं कळत नाही.

जुनीकानस

ताई, बरं केलंत आधी विचारलंत. मी झाडं उतरवायचं काम बरीच वर्षं करतोय, सुरुवातीची काही वर्षं मीही काळंच घालायचो त्यामुळे जे सांगतो ते अनुभवाने सांगतो.

आधी हे समजून घ्या की हे ऑइल जातं कुठे. इंजिनातलं ऑइल आत फिरत राहतं, गिअरचं पण. बारचं ऑइल परत येत नाही, थेंब न थेंब बाहेर जातो. थोडं भुशात, थोडं लाकडावर, थोडं मातीत आणि थोडं तुमच्या अंगावर. चेन किती जोरात फिरते बघा, ३/८ पिचची चेन (पिच म्हणजे कड्यांच्या अंतराचं माप) आणि ७ दातांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) धरलं तर एका फेऱ्यात साधारण १३० मिमी चेन पुढे सरकते, १०,००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला २१-२२ मीटर. एवढ्या वेगात बारच्या टोकाला चेन वळते तेव्हा पातळ ऑइल फेकलंच जाणार, आणि ते बारीक फवारा होऊन उडतं. म्हणजे टाकीत जे ओताल ते तुम्ही थोडंफार श्वासातून आत घेणार आणि कातडीला लावून घेणार हे धरून चाला. एवढं डोक्यात बसलं की काळ्या ऑइलचा प्रश्न निम्मा सुटतो.

अर्धाएकर

पण गाळलेलं आहे ना ते. फडक्यातून गाळल्यावर घाण खाली राहते की.

रसायनवाली

अर्धाएकर दादा, फडक्यात कचरा राहतो, विरघळलेली गोष्ट राहत नाही. मीठ विरघळलेलं पाणी फडक्यातून गाळलं तर खारटच राहतं ना, तसंच. मी वंगणाच्या लॅबमध्ये काम केलंय त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते, रागावू नका.

इंजिनात ऑइल तापतं, जळणाचा धूर त्यात मुरतो. त्यातून पीएएच म्हणतात ती संयुगं ऑइलमध्ये साठत जातात, बेंझोपायरीन त्यातलंच, आणि ते कॅन्सर करणारं म्हणून पक्कं नोंदलेलं आहे. पेट्रोल इंजिनच्या वापरलेल्या ऑइलमध्ये ही संयुगं नव्या ऑइलपेक्षा कितीतरी जास्त असतात. शिवाय झिजलेल्या धातूचे कण (लोखंड, तांबं, कधी शिसं), न जळलेलं पेट्रोल, पाणी आणि आम्लं. कणांपैकी मोठे कण फडक्यात अडकतील, बाकी सगळं टाकीत येणार. आणि जे बारीक कण फडक्यातून सुटतात ते ऑइल पंपाला पॉलिश पेपरसारखे घासतात.

कातडीला पुन्हा पुन्हा लागलं तर कातडीचा कॅन्सर होऊ शकतो ही गोष्ट काही माझी नाही, स्टिल या चेनसॉ कंपनीच्या मॅन्युअलमध्येच वापरलेलं ऑइल घालू नका म्हणून ही कारणासकट सूचना असते. हस्कवर्ना या दुसऱ्या कंपनीचं मॅन्युअलही हेच सांगतं, माणसाला, मशीनला आणि पर्यावरणाला धोका म्हणून. विकणाऱ्या कंपन्या आपलंच ऑइल खपावं म्हणून सांगतात असं कोणी म्हणेल, पण त्याच स्टिलच्या जुन्या मॅन्युअलमध्ये अडचणीच्या वेळी नवं इंजिन ऑइल चालेल असंही लिहिलेलं असायचं. म्हणजे त्यांचा विरोध दुसऱ्याच्या ऑइलला नाहीये, वापरलेल्या ऑइलला आहे.

आणि विहीर जवळ आहे म्हणताय ताई, तर विषय इथेच संपला. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की एका गाडीच्या एका ऑइल बदलातून निघणारं वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. गॅरेजवाल्या दादांना सांगा ते ऑइल जमा करणाऱ्याकडेच द्या.

झाडाखाली

बाप रे. मग नाहीच घालत. ठरलं. धन्यवाद ताई. आता पुढचं सांगा, नवं कुठलं?

वाटसरू७

नवं १५डब्ल्यू४० इंजिन ऑइल घाला, डिझेल गाडीचं. सगळीकडे मिळतं. माझी अशीच चालते.

जुनीकानस

चालतं, पण त्याची कमतरता पण सांगायला हवी. बार ऑइलचं खरं काम दोन गोष्टींचं, दाटपणा आणि चिकटपणा. दाटपणा इंजिन ऑइलमध्ये आहे. चिकटपणा नाही. बार ऑइलमध्ये तार धरणारं काहीतरी मिसळलेलं असतं (ते काय असतं ते रसायनवाली ताई सांगतील) त्यामुळे टोकाला वळताना ते सुटत नाही, परत खालच्या बाजूने येईपर्यंत चेनला धरून राहतं.

घरी बघायचं असेल तर अंगठा आणि बोट यांच्यात एक थेंब घेऊन हळूच बोटं लांब करा. बार ऑइलची बारीक तार निघते आणि मग तुटते. इंजिन ऑइल नुसतं ओलं लागतं, तार नाही.

म्हणून इंजिन ऑइल घातलं की पंप थोडा वाढवावा लागतो आणि ऑइल जास्त जातं. लिटरमागे स्वस्त पडलं तरी तासामागे तितकं स्वस्त पडत नाही. हा हिशोब बरेच जण करत नाहीत.

रसायनवाली

मिसळलेलं ते पॉलिआयसोब्युटिलिन किंवा तशाच जातीचे लांब साखळीचे पॉलिमर असतात. अगदी थोडं घातलं तरी ऑइलला तार येते. 

दाटपणाबद्दल एक सांगते कारण दुकानात आकड्यांचा फार गोंधळ होतो. आयएसओ व्हीजी म्हणून जो आकडा असतो तो ४० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा (सेंटिस्टोकमध्ये). व्हीजी १०० म्हणजे साधारण एसएई ३० इंजिन ऑइलएवढं. बार ऑइल सहसा व्हीजी १०० ते १५० च्या आसपास असतं, थंडीसाठीचं ४६ किंवा ६८. गिअर ऑइलचा ९० हा आकडा बघून लोक फार दाट समजतात पण त्याची मोजपट्टी वेगळी आहे, गिअरचं ९० म्हणजे इंजिनच्या ४०-५० च्या जवळपास येतं. तरी गिअर ऑइल मी सुचवणार नाही, त्यात गंधक-फॉस्फरसची जोरदार रसायनं असतात, गरम बारवर पडलं की वास असह्य होतो आणि ते अंगावर उडवून घ्यायला बनवलेलंच नाही.

इंजिन ऑइलमध्ये पण जस्ताची संयुगं आणि धुणारी रसायनं असतातच, ती इंजिनाच्या आत ठीक, मातीत टाकायला नाही. म्हणून नवं इंजिन ऑइल म्हणजे अडीनडीला हरकत नाही, कायमचं नको. विहिरीजवळ तर नकोच.

लेथवाला

माझं मशीन शॉप आहे. लेथच्या बेडवर आम्ही स्लाइडवे ऑइल घालतो, उभ्या पृष्ठभागावरून घसरू नये म्हणून त्यात चिकटपणा मुद्दाम दिलेला असतो. व्हीजी ६८ वालं मी स्वतः माझ्या चेनसॉला घालतो, बार ऑइलपेक्षा मोठ्या डब्यात स्वस्त पडतं आणि तार धरतं. २२० वालं घेऊ नका, छोट्या करवतीचा पंप ते ओढत नाही. हे पण खनिजच आहे अर्थात, त्यामुळे विहिरीचा मुद्दा आहेच.

जुनीकानस

+१. लेथवाल्यांचं बरोबर, हा पर्याय कमी लोकांना माहीत असतो.

हिरवीफांदी

एवढी चर्चा कशाला, वनस्पती तेल घाला ना सरळ. मी सूर्यफुलाचं रिफाइंड तेल घालते तीन वर्षं झाली. मातीत पडलं की कुजून जातं, अंगावर उडालं तर खायचंच तेल आहे, वासही नाही. युरोपात जंगलात काम करणारे बरेच जण वनस्पती तेलापासूनचंच बार ऑइल वापरतात, ऑस्ट्रियात तर १९९२ पासून खनिज तेलाचं चेन ऑइल वापरायलाच बंदी आहे. म्हणजे व्यावसायिक लोकांचं काम त्यावर चालतं, मग आपल्या छोट्या मशीनचं का नाही चालणार.

पंपदुरुस्ती

हिरवीफांदी ताई, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे पण अर्धा मला माझ्या टेबलावर रोज दिसतो. मी या मशीन दुरुस्त करतो. स्वयंपाकाचं तेल घातलेल्या चेनसॉ माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेक अशा की काम झालं, तशीच कोपऱ्यात ठेवली, तीन-चार महिन्यांनी काढली तर चेन हलतच नाही. तेल सुकून पिवळट रोगणासारखं झालेलं असतं. चेनच्या कड्या एकमेकींना चिकटलेल्या, बारच्या टोकाचं चाक जाम, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑइल पंप जाम. मालक जोर लावून सुरू करतो, आणि बऱ्याच घरगुती मशीनमध्ये पंप फिरवणारं वर्म गिअर प्लास्टिकचं असतं, त्याचे दात खलास. मग पंप, गिअर, मजुरी सगळं आलं. तेलात वाचवलेले पैसे एका फटक्यात गेले. गेल्या हंगामात एका शेतकरी काकांची मशीन अशीच आली, त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ठेवताना काय करायचं.

ऑस्ट्रियाचं म्हणताय ते तेल वनस्पतीपासूनचं असलं तरी बाटलीत नुसतं खायचं तेल नसतं, ते सुकू नये, आंबू नये म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट आणि चिकटपणासाठीची द्रव्यं घातलेली असतात. दोन्हींत फरक आहे.

हिरवीफांदी

माझं कधी जाम झालं नाही. पण माझी दर आठवड्याला चालते हेही खरं.

पंपदुरुस्ती

मग तेच कारण. रोज किंवा आठवड्याला चालणाऱ्या मशीनमध्ये नवं तेल जुन्याला ढकलत राहतं, सुकायला वेळच मिळत नाही. प्रश्न पडून राहणाऱ्या मशीनचा आहे आणि धागाकर्त्या ताईंची दोन-दोन महिने पडून असते.

रसायनवाली

दोघांचंही बरोबर आहे आणि यामागचं कारण कळलं तर तेल निवडणं सोपं जाईल.

तेल सुकतं म्हणजे वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफलं जातं. तेलाच्या रेणूत जितके दुहेरी बंध जास्त तितकं लवकर. हे मोजायचा आकडा म्हणजे आयोडीन मूल्य. जवसाचं साधारण १७० ते २००, म्हणूनच ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात, ते मुद्दाम सुकायला हवं असतं. ते चेनसॉत चुकूनही घालू नका. सूर्यफूल आणि सोयाबीन १२०-१४० च्या पट्ट्यात, म्हणजे अर्धवट सुकणारी. रेपसीड (कॅनोला) ११० ते १२५ च्या आसपास. शेंगदाणा ८५ ते १०५. खोबरेल फक्त ६ ते ११, सुकणारच नाही, पण ते २४-२५ अंशाखाली गोठतं, थंड सकाळी पंपात गोळा होऊन बसेल. 

एरंडेल आठवलं असेल कोणाला, कारण ते सुकत नाही आणि चिकट पण आहे. पण ते ४० अंशाला २५० सेंटिस्टोकच्या आसपास, म्हणजे फारच दाट, छोटा पंप ओढणार नाही. 

आता उलट बाजू. खायची तेलं ४० अंशाला साधारण ३० ते ४० सेंटिस्टोक, बार ऑइलपेक्षा बरीच पातळ. तरी चालून जातात याची दोन कारणं. एक, ती धातूला चांगली धरतात, त्यांचे रेणू एका टोकाने लोखंडाला चिकटतात, खनिज तेलात ते नाही. दोन, तापल्यावर ती खनिज तेलाइतकी पातळ होत नाहीत, त्यांचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स २०० च्या वर असतो, साध्या खनिज तेलाचा १०० च्या आसपास. म्हणून बार गरम झाल्यावर फरक कमी होत जातो. आणि त्यांचा भडका बिंदू (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते) ३०० अंशांच्या वर, खनिज बार ऑइलचा २०० च्या जरा वर. सुक्या पाचोळ्यात काम करताना हा फायदा लहान नाही.

म्हणजे नियमित वापर असेल तर रिफाइंड रेपसीड किंवा शेंगदाणा ठीक. पडून राहणार असेल तर एकतर तयार जैविक (वनस्पती तेलापासूनचं) बार ऑइल घ्या, नाहीतर ठेवताना मशीन नीट साफ करा.

नवशिक्या_करवत

तळणीचं उरलेलं तेल गाळून घातलं तर? आमच्याकडे भरपूर निघतं.

रसायनवाली

नको. ते आधीच तापून तापून गुंफायला लागलेलं असतं, म्हणजे सुकण्याच्या वाटेवर अर्धं पोचलेलं. शिवाय पाणी, मीठ आणि आम्लं, त्याने चेन गंजते. आणि आंबूस वासाला मुंग्या-उंदीर येतात ते वेगळंच, रबरी नळ्या कुरतडलेल्या मी बघितल्यात.

नवशिक्या_करवत

बरं. आणि थंडीत ऑइल दाट होतं तर रॉकेल घालून पातळ केलं तर चालेल? कोणीतरी पेट्रोल पण म्हणालं.

जुनीकानस

पेट्रोल कधीच नाही. गरम सायलेन्सर शेजारी, आणि तुम्ही पेट्रोल मिसळलेला फवारा उडवताय. थंडीसाठी पातळ ग्रेडचं बार ऑइल मिळतं ते घ्या, नसेल तर लेथवाल्यांचं ६८. डबा उबदार खोलीत ठेवला आणि काम सुरू करताना भरलं तरी बराच फरक पडतो.

झाडाखाली

किती छान माहिती मिळतेय, वहीत लिहून घेतेय सगळं. आता माझा पैशाचा प्रश्न. जैविक बार ऑइल पाहिलं, ते साध्या बार ऑइलपेक्षाही महाग आहे. ते परवडायचं कसं?

पंपदुरुस्ती

ताई, लिटरचा भाव बघू नका, टाकीत किती मिनिटं पुरतं ते बघा. आणि खर्च वाढतो तो बहुतेक वेळा ऑइलमुळे नाही, बाकी गोष्टींमुळे. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये मला काय दिसतं ते सांगतो.

पहिलं, पंपाचा स्क्रू. बऱ्याच मशीनना ऑइल कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, खालच्या बाजूला, नाहीतर बारच्या कव्हरच्या आत. कोणी हात लावत नाही. मोठ्या बारसाठी उघडा ठेवलेला स्क्रू १४ इंची बारला तसाच असतो आणि निम्मं ऑइल फुकट सांडतं. पंप साधारण मिनिटाला ५ ते १५ मिली एवढा देतो, म्हणजे सेटिंगमध्येच तिप्पट फरक आहे! छोट्या बारला, मऊ लाकडाला खालच्या बाजूला ठेवा. तपासायचं असं, बारचं टोक फिकट रंगाच्या खोडासमोर किंवा पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचं, टेकवायचं नाही, आणि पाऊण रेसवर चालवायचं, मिनिटभरात पुठ्ठ्यावर ऑइलची स्पष्ट बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ दिसतेय तिथपर्यंत कमी करत या. रेघ नाही तर ऑइल पोचत नाही, काम थांबवा. छोट्या काही मशीनना स्क्रू नसतो, त्यांना हे जमणार नाही.

दुसरं, धार. बोथट चेनने लोक जोर लावून दाबतात, बार तापतो, धूर येतो, मग ऑइल कमी पडतंय समजून पंप वाढवतात. भुसा बघा. जाड साल्यांसारखे तुकडे निघत असतील तर धार आहे, पिठासारखा बारीक निघत असेल तर कानस काढा. बोथट चेनला जगातलं कुठलंही ऑइल पुरत नाही.

तिसरं, बारची खोबण आणि ऑइलचं भोक. तेल-भुशाची राड तिथे घट्ट बसते आणि ऑइल चेनपर्यंत न जाता कव्हरमधून खाली गळतं. टाकी रिकामी होतेय, पण चेन कोरडी. चेन काढली की पातळ पट्टीने खोबण खरवडायची, भोक तारेने साफ करायचं, आणि दर वेळी बार उलटा करून लावायचा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

चौथं, ठेवल्यावर गळणं. याची तक्रार फार येते. थोडं ओघळतंच, पण डबकं साठत असेल तर झाकणाचं रबर किंवा टाकीची हवेची झडप बघायला लागते. उन्हातून आणून लगेच आत ठेवली की टाकीतली हवा फुगते आणि ऑइल बाहेर ढकलते.

जुनीकानस

यात एक जोडतो, टाकीचं झाकण उघडायच्या आधी भोवतीचा भुसा फुंकून, पुसून घ्या. भुसा आत गेला की टाकीतली जाळी तुंबते, आणि मग सगळे ऑइलला नावं ठेवतात.

अर्धाएकर

मी वाचतोय सगळं. रसायनवाली ताईंनी लिहिलेलं रात्री परत वाचलं. मला हाताला, मनगटाच्या वर बारीक पुटकुळ्या येतात कापणीच्या दिवसांत, मी भुशाची ॲलर्जी समजत होतो. ऑइलमुळे असू शकतं का?

रसायनवाली

दादा, असू शकतं. तेलाने केसांची मुळं बुजून पुळ्या येतात, तेलकट यंत्रावर काम करणाऱ्यांना हे होतं, मनगट-मांड्या जिथे तेलकट कपडा घासतो तिथे जास्त. पण भुशाची पण ॲलर्जी असते म्हणून अंदाजावर राहू नका, कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि काळं ऑइल किती वर्षं हाताळताय ते त्यांना नक्की सांगा. तोवर पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि ऑइल लागलेले कपडे त्याच दिवशी धुवायला. हात पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवू नका, साबणाने. आणि मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

अर्धाएकर

दाखवतो डॉक्टरांना. उरलेला डबा गॅरेजवाल्याला परत देऊन येतो.

जुनीकानस

👍 दादा, मी पण याच वाटेने आलोय.

फळबागवाली

माझा प्रश्न जरा वेगळा. मी फळझाडांची छाटणी बॅटरीच्या चेनसॉने करते. कापलेल्या जागेवर ऑइल लागतं, झाडाला त्रास होतो का? आणि ओंडक्यांवर आम्ही अळंबी पण लावतो.

हिरवीफांदी

अळंबी लावायचे ओंडके, मधमाशीच्या पेट्यांचं लाकूड, चिरायच्या फळ्या, जिथे खाण्याशी संबंध येतो तिथे मी तर वनस्पती तेलाशिवाय काही घालणारच नाही. बर्फाच्या मूर्ती कोरणारे लोक पण खायचंच तेल घालतात.

रसायनवाली

हो, छाटणीला पण तेच. बॅटरीच्या मशीनचा पंप बऱ्याचदा छोटा आणि बांधीव असतो, त्यामुळे दाट काही घालू नका. जैविक म्हणून बाटली घेताना फक्त हिरवं पान बघून घेऊ नका. ओईसीडी ३०१ चाचणी असा उल्लेख शोधा, त्यात २८ दिवसांत ६० टक्के विघटन झालं तर ते सहज विघटन होणारं धरतात. युरोपचं इकोलेबल किंवा जर्मनीचं ब्लू एंजल चिन्ह असेल तर उत्तम. नुसतं पर्यावरणस्नेही असं छापलेलं असेल आणि खाली कुठलीच चाचणी नसेल तर त्याला अर्थ नाही.

पंपदुरुस्ती

आता ठेवण्याबद्दल लिहितो कारण वनस्पती तेलाचा सगळा खेळ तिथेच आहे. महिन्याच्या वर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, वाटीभर साधं खनिज बार ऑइल घाला, मशीन मिनिट-दोन मिनिटं चालवा म्हणजे पंपात, नळीत आणि बारमध्ये ते पोचेल. मग चेन आणि बार काढून पुसा, चेन एका छोट्या डब्यात त्याच ऑइलमध्ये बुडवून ठेवा. पुढच्या वेळी काढाल तेव्हा सुरू करायच्या आधी, मशीन बंद असताना, हातमोजे घालून चेन हाताने ओढून बघा, मोकळी फिरली तरच सुरू करा. अडकली तर जोर नको.

आधीच चिकटली असेल तर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात चेन रात्रभर ठेवा, सुकलेलं तेल साबणासारखं होऊन सुटतं. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, लगेच ऑइलमध्ये, नाहीतर तासाभरात गंज धरते.

आणि काम संपलं की चेन थोडी सैल करून ठेवा. गरम असताना ताणलेली चेन गार झाली की आखडते आणि शाफ्टवर ताण येतो.

वाटसरू७

मी इंजिन ऑइलवरच राहीन म्हणतो, माझ्याकडे पाणी-विहीर काही नाही आणि मशीन सहा सहा महिने पडून असते. चुकतंय का?

जुनीकानस

नवं असेल तर मशीनच्या दृष्टीने चुकत नाही. पण वर्षाला तुम्हाला लागणार दोन-तीन लिटर, तेवढ्यासाठी साधं बार ऑइलच घ्या की, चिकट असल्याने कमी जाईल. दोघा-तिघांत मिळून मोठा डबा घेतला तर अजून परवडतं. आम्ही चौघं तसंच करतो.

झाडाखाली (धागाकर्ती)

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय, सांगायचं होतं.

शेजारच्या दोघींबरोबर मिळून जैविक बार ऑइलचा मोठा डबा घेतला, ओईसीडी ३०१ लिहिलेलं बघूनच. घालायच्या आधी पंपदुरुस्ती दादांनी सांगितलं तसं बार काढला, तर खोबणीत भुसा असा दगडासारखा बसला होता की स्क्रूड्रायव्हरने उकरावा लागला आणि ऑइलचं भोक जवळजवळ बंद. म्हणजे मागचं सगळं ऑइल कव्हरमधूनच वाहत होतं, म्हणूनच मला ते एवढं महाग वाटत होतं! माझ्या मशीनला स्क्रू आहे हे पण मला मॅन्युअल उघडल्यावर कळलं, तो पूर्ण उघडा होता. पुठ्ठ्यावर रेघ बघत बघत कमी केला. आता पेट्रोलची टाकी संपते तेव्हा ऑइलच्या टाकीत पाव भाग उरलेला असतो. आधी दोन्ही बरोबरच संपायच्या, कधी ऑइल आधी.

पंपदुरुस्ती दादा, पेट्रोल संपेपर्यंत ऑइल उरायलाच हवं ना, का मी फारच कमी केलंय? बार हाताला कोमट लागतो, धूर नाही, रेघ बारीक पण स्पष्ट आहे.

पंपदुरुस्ती

बरोबर आहे ताई, ऑइल पेट्रोलनंतरच संपलं पाहिजे, पाव टाकी उरणं छान. फक्त वाळलेलं कठीण लाकूड कापाल त्या दिवशी स्क्रू पाव फेरा उघडा आणि परत एकदा पुठ्ठ्यावर बघून घ्या.